कोपऱ्यातली टाकी

२ मार्च
आज नव्या नोकरीवर रुजू झाले. प्रयोगशाळा लख्ख, खिडक्या ऐसपैस, वर चहा फुकट! काम शेवाळाचं. काचेच्या टाक्यांत ते वाढतं. त्याचा नमुना काढायचा, डीएनए वेगळा करायचा आणि यंत्राकडून त्याची अक्षरं वाचून घ्यायची. मॅडम कडक, पण मनानं चांगल्या वाटल्या. घरी लेकीला सांगितलं तर म्हणते, "म्हणजे तू डबक्याची बाराखडी वाचतेस?" हसून हसून पुरेवाट झाली.

९ मार्च
कोपऱ्यातल्या टाकीच्या नमुन्यात माणसाचा डीएनए निघाला. कुणाची तरी थुंकी किंवा कातडी पडली असणार, म्हणून मॅडमनी सगळ्यांच्या गालांतून कापसाचे बोळे फिरवले. जुळला तो माझाच. सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१३ मार्च
आज मी टाकीजवळ फिरकलेच नाही. नमुना मॅडमनी स्वतः काढला. तरी माझा डीएनए, आणि आधीपेक्षा जास्त. शिवाय तो सुटा नाही, शेवाळाच्या डीएनएमध्ये टाके घातल्यासारखा गुंफलेला. मॅडमनी अहवाल खणात टाकून कुलूप लावलं. मग म्हणाल्या, बाहेर कुठे बोलू नकोस.

१८ मार्च
भूक मेली आहे. उन्हात बसलं की मात्र पोट भरतं. नवरा म्हणाला, कामाचा ताण आहे, रजा टाक. मी हसण्यावारी नेलं.

२० मार्च
राहवेना, म्हणून स्वतःचं रक्त यंत्रात घातलं. त्यात शेवाळ. मॅडमना दाखवलं तर त्या खुर्चीसकट मागे सरकल्या. "लेकीला जवळ घेतेस का गं?" एवढंच विचारलं.
रोज घेते. रोज.

२१ मार्च
आतल्या खोलीत कडी लावून बसले आहे. लेक बाहेरून हाका मारते. ओ द्यायची नाही. नखांखाली हिरवं — घासलं, खरवडलं. रक्त आलं, तेही — नको. लिहवत नाही.

२३ मार्च
नवरा दाराबाहेरून बोलला. लेक कालपासून अन्नाला शिवलेली नाही, पण मजेत आहे, काळजी करू नकोस. गच्चीत उन्हात पडून असते म्हणे —

धावत वर आले. ती उताणी, तळवे आभाळाकडे. पापण्यांच्या कडा हिरव्या. मला बघून हसली. "आई, ये ना!"

तिच्याशेजारी बसून लिहिते आहे. उचलून न्यायला हवं — दवाखाना — आत्ता. उठते.
उठायला हवं. पण ऊन इतकं गो