दह्यासाठी दहा दिवे

आई, आज एका कारखान्यात आमचं तापमान दाखवणारं यंत्र तपासायला गेलो होतो. यंत्र तीन अंश कमी दाखवत होतं. मी पेचकस काढला, तर तिथं काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "हात नका लावू साहेब, आम्ही त्याच्या खोडीशी जुळवून घेतलंय." मला एकदम तू दिसलीस आणि हसू फुटलं. बाईंना वाटलं, मी त्यांनाच हसतोय.

बजाजनगरच्या दोन खोल्यांत तू कंपनीतल्या पोरांची खानावळ चालवायचीस. पोरं भाजीला नावं ठेवायची, पण तुझ्या दह्यासाठी टिकून होती. मग साखरेच्या दुखण्यानं तुझ्या बोटांची जाणीव गेली. करंगळी बुडवून विरजण लावणारी तू, पोळलं तरी तुला कळेना. दही फसायला लागलं. माझे कान पहिल्यापासून तिखट. पंगतीतली कुजबुज मी ऐकली, "मावशीचा हात गेला रे. दुसरीकडं बघावं लागतंय." तू आत पोळ्या लाटत होतीस. लाटण्याचा आवाज मधेच थांबला, तेव्हा कळलं, तुलाही ऐकू गेलंय.

मी तेव्हा कंपनीत वायरिंग करायचो. रविवारी शहरात जाऊन तापमान ओळखणारा तीन पायांचा सेन्सर, एक आयसी चिप आणि दहा लाल एलईडी आणले आणि तुझ्या ओट्यावरच सोल्डरिंगला बसलो. तुझ्या फोडणीत माझा धूर. पाच अंशाला एक दिवा असा हिशोब बसवला आणि सगळं एका डब्यात घातलं. दूध निवेल तसे दिवे दहाव्यापासून खाली एकेक विझत येतील, नववा विझला की विरजण लाव, एवढंच तुला सांगितलं. तू पदरानं हात पुसत म्हणालीस, "व्हय रे, दुधाला ताप आला म्हणून डॉक्टर आणलास का?" सेन्सर काही दुधात सोडू दिला नाहीस. "वायर अन् दुधात? नाय जमायचं. लोकांच्या पोटात जायचंय ते." मग मी तो पातेल्याला बाहेरून चिकटपट्टीनं बसवला.

पहिले तीन दिवस दही आंबट, पाणी सुटलेलं. मी म्हणालो, डबा बरोबर आहे, तुझंच चुकतंय. चौथ्या दिवशी सुरीनं कापावं असं दही! पोरं वाट्या निपटून खाऊ लागली. मी कंपनीभर मिरवलं. मग एका दुपारी तू शेजारच्या काकूंशी बोलताना ऐकलं, "त्याचा डबा एक दिवा खोटं बोलतोय बाई. नववा विझला तरी मी थांबते, आठवा विझला की लावते. पण त्याला नको सांगू, लई हौसेनं केलंय."

झोंबलं मला. पातेलं बाहेरून दुधापेक्षा निवलेलं असतं, एवढं मला कळायला हवं होतं. तू गिरणीत गेलीस तेव्हा डब्याचा हिशोब जुळवायचा स्क्रू गुपचूप फिरवला आणि डबा खरा केला. तुला सांगितलं मात्र नाही. तू आपली रोजच्यासारखी आठव्यापर्यंत थांबलीस. दूध पार निवून गेलं होतं. दुसऱ्या दिवशी वाट्यांत दही नाही, दूधच. पोरांनी वाट्या बाजूला सारल्या. तू फुलंब्रीहून येणाऱ्या दूधवाल्या काकांना दारातच गाठलंस, "दूध आणता का विहीर आणता हो?" बिचारे म्हशीची शपथ घेत राहिले. मी ताटातून मान वर केली नाही. तू पाणी भरायला गेलीस तेवढ्यात स्क्रू होता तिथं आणला, डबा पुन्हा खोटा केला. दही लागलं, पोरं राहिली, खानावळ चालली. तू शेवटपर्यंत सांगायचीस, "दटावलं तवा कुठं दूध सुधारलं!"

काका त्यानंतर रोज माप भरून वर एक घोट जास्त घालायचे. तोही आपण प्यालो. त्या दुधात पाणी नव्हतं, आई. हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं, पण तू मला काकांच्या पाया पडायला फुलंब्रीला धाडलं असतंस, आणि मला खरंच जायचं नव्हतं.