कपाटातल्या दोन पाचरी

दि. ९ नोव्हेंबर, शनिवार

चिरंजीव धाकट्यास,

दादाचे अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही उभयता ठीक आहोत. तुझ्या वहिनीचे गुडघे दुखतात. तोंड मात्र पूर्ववत चालू आहे. मला थोडा थकवा असतो. रंधा हाती घेतला की अर्ध्या फळीतच बसावेसे वाटते. थंडीमुळे असावे.

मालकांच्या शिडाच्या नौकेवरील स्टोव्हचे कपाट पूर्ण झाले, हे तुला ठाऊकच आहे. नौकेत एकही भिंत सरळ नसते, सारे अंगच वळलेले. मी आयुष्यभर घरांची दारे-खिडक्या केलेला माणूस. तरीही कपाट असे बसविले की फटीत कागद शिरू नये. मालकीणबाईंनी दारावरून दोनदा हात फिरविला होता.

त्यांचा हात आता बरा आहे. पट्टी निघाली.

येथपर्यंत लिहून मी उठलो होतो. अंगणात दोन फेऱ्या मारून पुन्हा बसलो आहे.

ज्या कामावरून तुला गोदीतून काढले, त्याविषयी लिहावयाचे आहे. तू स्टोव्ह दोन बाजूंच्या खुंट्यांवर टांगून दिलास आणि मला म्हणालास, "दादा, होडी कलली तरी स्टोव्ह सरळ राहिला पाहिजे. त्याला झुलू दे. मागेपुढे चार बोटं जागा सोड." मी सर्वांदेखत तुला सुनावले की, चाळीस वर्षे रंधा मारणाऱ्याला तू शिकवू नयेस. तू आपली हत्यारे उचलून गेलास.

तू गेल्यावर मी स्टोव्हला बोट लावून पाहिले. तो डुगडुगला. माझ्या हातच्या कामात काही डुगडुगलेले मला आजवर खपलेले नाही. मी वर पातळी पाहण्याची पाणसळ ठेवून तो सरळ केला, दोन्ही अंगांना एकेक पाचर ठोकून घट्ट केला, आणि पाचरी दिसू नयेत म्हणून वरून पट्ट्या मारल्या. त्या दिवशी मी समाधानाने घरी आलो, हेही लिहून ठेवतो.

पहिल्याच फेरीत नौका वाऱ्याने कलली, तिच्यासोबत स्टोव्हही कलला, आणि उकळत्या पाण्याचे पातेले बाईंच्या मनगटावर आले. मालकांनी विचारले, स्टोव्ह कोणी टांगला? मी तुझे नाव सांगितले. ते खरेच होते. पुढचे सांगितले नाही.

परवा जेवताना तुझी वहिनी म्हणाली, "भावजींचं काम असं कच्चं नसतं. तुम्ही काही केलं नाहीत ना?" मी ताटावरून उठलो. तिने ताट झाकून ठेवले, पुन्हा विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

काल एकटाच नौकेवर गेलो. पट्ट्या काढल्या, पाचरी उपटल्या. स्टोव्ह झुलला आणि मागच्या फळीवर आपटला. त्याला हलावयास मी जागाच ठेवलेली नाही. कपाट मोडून पुन्हा करावे लागेल. मजकडून आता ते होणे नाही. तू कर, मी फळ्या धरीन.

येत्या शुक्रवारी सकाळी दहाला मालक गोदीत येतील. सर्व माणसांसमोर मी त्यांना हे सांगणार आहे. परंतु मी स्वतःला ओळखतो. ऐन वेळी मी माझ्या चाळीस वर्षांचा पाढा वाचीन आणि मूळ गोष्ट बाजूला राहील. म्हणून तू हे पत्र घेऊन ये. माझे बोलणे अपुरे वाटले, तर मला न विचारता ते मालकांच्या हाती दे. त्यांना वाचता यावे एवढ्यासाठी दोन कागद फाडून तिसऱ्यावर स्वच्छ अक्षरात लिहिले आहे.

मजशी बोलण्याची इच्छा नसेल, तर बोलू नकोस. येणे मात्र करावे.

सदर अपघातास सर्वस्वी जबाबदार,
तुझा दादा