गांगरला म्हणजे काय केलं त्यानं

बाबा,

आज बी.ए.च्या वर्गात एका मुलीनं विचारलं, "मॅडम, घाबरणं आणि गांगरणं यात फरक काय?" ती सिरोंच्याची. घरी तेलुगू बोलतात, म्हणून आपल्या मुलींना जे विचारावंसं वाटत नाही ते तिला वाटतं. मी कोशातला अर्थ सांगितला : भीतीनं भान सुटणं, काय करावं ते न सुचणं. तिनं वहीत उतरवून घेतलं, पण तिचं काही समाधान झालं नाही. माझंही झालं नव्हतं. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली, तरी गोष्टीत हा शब्द आला की मी थांबते. सवय तुम्हीच लावलीत.

मी सातवीत असताना मूल गावच्या वाचनालयातून कादंबऱ्या आणायची आणि रविवारी दुपारी तुम्हाला वाचून दाखवायची. तुम्ही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून ड्युटीच्या बुटांना तेल चोळायचात, आई चुलीपाशी जवस भाजत असायची. जंगलाची गोष्ट असली की तुमचा हात थांबायचा. एकदा एका कादंबरीत नायकापुढं वाघ येतो आणि लिहिलेलं असतं, 'तो गांगरला.' मी पुढं वाचायला लागले तर तुम्ही म्हणालात, "थांब. गांगरला म्हणजे काय केलं त्यानं?"

"गांगरला, बाबा."

"ते समजलं मले. पळाला का? खाली बसला का? हातातली काठी सुटली का?"

"ते लिहिलं नाई."

"मंग लिहिणाऱ्यानं पाह्यलं नाई," असं म्हणून तुम्ही पुन्हा बुटाला लागलात. आई म्हणाली, "लेकरू वाचून राह्यलं ना, वाचू द्या." मला तेव्हा तुमचा राग यायचा. प्रत्येक पुस्तकात हा शब्द सापडायचा आणि प्रत्येक वेळी तुमचा तोच प्रश्न. पुढंपुढं तर पान उलटण्याआधीच मी नजरेनं तो शब्द शोधून ठेवायची. तुमचं म्हणणं असं होतं की वनरक्षकाच्या नोकरीत जबाब लिहिताना माणूस घाबरला होता, खोटा होता, दुःखी होता असं लिहायचं नसतं. त्यानं काय केलं आणि काय म्हटलं ते लिहायचं. बाकीचं वाचणाऱ्यानं ठरवायचं. मी म्हणायची, जबाब वेगळा, गोष्ट वेगळी. तुम्ही म्हणायचात, "असंल."

मग माझ्या दहावीच्या परीक्षेनंतरचा तो मोहफुलांचा हंगाम. आपल्या गल्लीच्या टोकाला राहणारी काकू पहाटे दोघीजणींसोबत फुलं वेचायला गेली. वाकून वेचणाऱ्या बाईला वाघ जनावर समजतो हे तुम्ही गावात किती वेळा सांगितलं होतं. पण फुलं खालीच पडतात आणि वाकल्याशिवाय वेचता येत नाहीत. बरोबरच्या दोघी धावत तुमच्या जंगलनाक्यावर आल्या, कारण गावापेक्षा नाका जवळ होता. तुम्ही जाऊन पाहिलंत, मजुरांना तिथं उभं केलंत, आणि साहेबांची गाडी पोचायच्या आत घरी आलात. आई बाजाराला गेली होती. तुम्ही मला म्हणालात, "चल माझ्यासंग. त्यायच्या पोरीजवळ कोणीतरी पाह्यजे." पोरगी सहा वर्षांची होती. काय झालं ते तुम्ही मला वाटेत सांगितलंत, चालता चालता, साध्या आवाजात.

काका घरावर चढून छपराचे कवेलू सारखे करत होते. पोरगी अंगणात फुटक्या कवेलूचे तुकडे रचत बसलेली. तुम्ही शिडीखाली उभे राहून म्हणालात, "भाऊ, खाली या." ते उतरले. तुम्ही त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं की वाघानं धरलं, ती गेली, मी स्वतः पाहून आलो. फिरवून काही बोलला नाहीत. काका म्हणाले, "हो. बसा गार्डभाऊ." मग ते आत गेले आणि तुमच्यासाठी लोटाभर पाणी घेऊन आले. तुम्ही पाणी प्यालात. त्यांनी लोटा घेतला, आत गेले, पुन्हा भरून आणला. तुम्ही तोही प्यालात. मी पोरीला कडेवर घेऊन उभी होते आणि मला वाटलं आता तुम्ही त्यांना थांबवाल, हाताला धरून बसवाल. काका तिसऱ्यांदा आत गेले. तिसरा लोटा आणला. तुम्ही दोन्ही हातांनी घेतलात आणि सावकाश, शेवटपर्यंत प्यालात. तोवर गल्लीतली माणसं जमली होती. काका म्हणाले, "चला, कुठी आहे ते दाखवा," आणि तुमच्यापुढं चालायला लागले. पायात चप्पल नव्हती.

ते रडले नाहीत. त्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. गावात कुजबुज सुरू झाली. याला बायकोचं काही नव्हतं, हाच तिला एवढ्या पहाटे धाडत होता, असं बोलणं नळावर मी स्वतः ऐकलं. तेरवीला काकूचे दोन भाऊ आले होते. जेवणं झाल्यावर थोरल्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, "आमची बहीण गेली अन् या माणसाच्या डोळ्यात पाणी नाई. लेकरू आम्ही इथी ठेवत नाई. आजच नेतो." काका खाली पाहत होते. पोरगी त्यांच्या मांडीला टेकून बसली होती आणि आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिला कळत होतं. माणूस दगडाचा आहे असं बहुतेकांना वाटतच होतं.

तुम्ही बसल्या जागेवरून बोललात. "मी सांगतो काय झालं ते. मी निरोप घेऊन आलो, तर यायनं मले पाणी देलं. मी पेलो. पुन्हा देलं, पुन्हा पेलो. तिसऱ्यांदा देलं, तेही पेलो. तहान पहिल्याच लोट्यात गेली होती." एवढंच. ते दुःखात होते, गांगरले होते, असं काही म्हणाला नाहीत. मी वाट पाहत होते की तुम्ही म्हणाल, कारण एका शब्दानं काम सोपं झालं असतं.

थोरला भाऊ काकांकडं वळला. मग त्यानं विचारलं, "काऊन देलं एवढं पाणी?"

काका म्हणाले, "गार्डभाऊ उन्हातून चालत आले होते." आणि मग त्यांची हनुवटी हलायला लागली, ती थांबेना. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरला. पोरीनं तो ओढून पाहिलं आणि पुन्हा सोडून दिला. थोरल्यानं धाकट्याला उठवलं. जाताना तो म्हणाला, "लेकरू राहू द्या इथीच. सुट्टीत आमच्याकडं पाठवत जा." ती राहिली. आता ती मूलला सरकारी दवाखान्यात नर्स आहे, आणि काका म्हातारपणी तिच्याकडंच असतात.

त्या दिवशी घरी येताना मी तुम्हाला विचारलं होतं, "बाबा, काका गांगरले होते ना तेव्हा?" तुम्ही म्हणालात, "मले काय माहीत? त्यायच्या मनात मी गेलो नाई. पाणी मात्र मी पेलो." तुमच्याशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण तेव्हापासून तुमचं म्हणणं मला अडवत राहिलं. कॉलेजात मी कथा लिहायला लागले, तर एकेक वाक्य लिहून त्यापुढं तुमचा प्रश्न ठेवायची आणि निम्मं खोडायची.

काकांची गोष्ट मी पुष्कळ वर्षांनी लिहिली. गाव बदललं, माणसं बदलली, तीन लोटे तसेच ठेवले. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी कथा परत पाठवली. नायक कोरडा वाटतो, त्याच्या मनाची अवस्था वाचकापर्यंत पोचत नाही, असं पत्रात होतं. मी दोन दिवस चिडले आणि तिसऱ्या दिवशी तिसऱ्या लोट्यानंतर एक वाक्य घातलं, 'तो पुरता गांगरून गेला होता.' कथा छापून आली. लोकांना आवडली.

अंक घरी आला तेव्हा तुम्ही चंद्रपूरला माझ्याकडं होतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यावर हिरवी पट्टी. म्हणालात, "वाच." कितीतरी वर्षांनी मी तुम्हाला वाचून दाखवत होते. तिसरा लोटा आला आणि मी ते वाक्य गाळलं. आवाज न बदलता पुढच्या वाक्यावर गेले. लहानपणी पानावर तो शब्द आधीच हेरून ठेवायची, तेच कामाला आलं. कथा संपली. तुम्ही म्हणालात, "त्यायच्याबद्दल तू काही ठरवलं नाई. हे बरं केलं." माझ्या लिहिण्याला तुम्ही आयुष्यात बरं म्हटलंत ते तेवढं एकदाच. मी "हो" म्हणाले.

पट्टी निघाल्यावर तुम्ही विचारलंत, "तो अंक कुठी गेला? मी माझ्या डोळ्यानं वाचतो." मी सांगितलं, कॉलेजात कोणीतरी नेला. तो माझ्या कपाटात साड्यांखाली होता. पुन्हा एकदा विचारलंत, मी तेच सांगितलं. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात. नंतर माझ्या कथांचं पुस्तक झालं, त्यात ती आली, दुसरी आवृत्तीही निघाली. दोन्ही वेळा मुद्रितं माझ्याच हातात होती आणि ते वाक्य काढायला पेन्सिलीची एक रेघ पुरली असती. मी काढलं नाही. मला ते वाक्य आवडतं, बाबा.

आणि हेही कबूल करते, की हे पत्र तुमच्यासमोर बसून वाचायची पाळी आली असती, तर दिवाळी अंकापासून पुढचं सगळं मी गाळलं असतं, आवाज न बदलता.