पार्किंगमधली फ्रेंच गाणी

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व)
२० मे २०२५

प्रिय हेमा,

ताईचे आशीर्वाद. कागद बघून घाबरू नकोस, सगळे ठणठणीत आहेत. आईचा डोळा तपासून झाला, मोतीबिंदू अजून पिकायचाय म्हणाले. ह्यांचं गुडघ्याचं दुखणं तेवढंच आहे आणि त्यावरचं बोलणंही तेवढंच. दिव्या काल मैत्रिणींबरोबर अलिबागला गेली. घर शांत आहे, म्हणून लिहायला बसले.

तुझा मेसेज मिळाला. ‘ताई, फ्रेंच गाणी ऐकतेस म्हणे! मला का नाही सांगितलंस?’ पुढचे तीन हसरे चेहरेही मिळाले. फोन करणार होते, पण फोनवर तू बोलतेस आणि मी हो म्हणते, हे आपलं लहानपणापासूनचं आहे. तुला दिव्याच्या अ‍ॅडमिशनबद्दल माझं उत्तर हवंय. ते मला कोणी मध्ये न बोलता द्यायचंय.

आधी गाण्यांचं. दिव्याने काय सांगितलं ठाऊक नाही, म्हणून माझ्याकडून ऐक.

तू दर गणपतीला तिच्यासाठी त्या सीड्या आणायचीस, तुमच्या पाँडिचेरीच्या गेस्ट हाउसमधल्या फ्रेंच पाहुण्यांकडून मागून घेतलेल्या. त्या वर्षाची गाजलेली वीस गाणी, वीस वेगळे गायक. पोरीने ती गाणी कधीच फोनवर घेतली आणि सीड्या टीव्हीखालच्या खणात पडून राहिल्या. घरातला प्लेअर बिघडून जमाना झाला. चालू राहिला एकच, आमच्या जुन्या वॅगन आरमधला.

मार्चमध्ये तुम्ही दोघी व्हिडिओ कॉलवर होतात. मी कोळंबी सोलत होते. तू फ्रेंचमध्ये काहीतरी म्हणालीस आणि दिव्या पोट धरून हसली. मी विचारलं, “काय गं?”

“काही नाही आई, एका गाण्यातलं आहे. तुला नाही कळणार.”

तू पलीकडून हात हलवलास. मीही हलवला, कोळंबीचा.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक सीडी पिशवीत घातली आणि खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले. मला वाटलं होतं फ्रेंच म्हणजे काहीतरी नाजूक, हळू आवाजातलं असेल. पहिलंच गाणं आपल्याकडच्या हळदीच्या डीजेसारखं धडधडलं. वॉचमन पळत आला. “मॅडम, सब ठीक?” मी म्हटलं, “हाँ भैया, गाडी चेक कर रही हूँ.” नवरा बाजूला नसताना गाडीला हात न लावणारी बाई काय चेक करत होती, हे त्याने विचारलं नाही. भला माणूस आहे.

मग रोजचंच झालं. गायकांची नावं वाचता येईनात, म्हणून मी माझी ठेवली. एक सर्दीवाला, सगळं नाकातून. एक भांडकुदळ, श्वास न घेता बोलत सुटतो आणि मागे नुसता ठोका. आणि चौथ्या नंबरावर एक मुलगी, तिला मी रुसलेली म्हणायचे. भिंतीकडे तोंड करून गातेय असं वाटतं. गाणं संपेपर्यंत ती वळत नाही.

अशा सीडीचं एक वाईट असतं. ज्याचं आवडलं त्याचं एकच गाणं, आणि लगेच दुसरा कोणीतरी येऊन उभा राहतो. मी पुढच्या वर्षाची सीडी नेली, त्यात रुसलेली नव्हती. त्याच्या पुढच्या वर्षीच्या सीडीत अकरावं गाणं सुरू झालं आणि मी सरळ होऊन बसले. आवाज थोडा जाड झालेला, मागे वाजवणारे वाढलेले, पण तीच. कव्हरवरची अक्षरं जुळवून पाहिली, नाव सारखं निघालं. हेमा, मी तिला एकटीने ओळखली. कोणी सांगितलं नव्हतं. असं काही माझ्याबाबतीत बऱ्याच वर्षांत झालं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या स्वातीने एकदा काच वाजवून विचारलं, “वहिनी, भाऊंशी भांडण झालंय का?” मी म्हटलं, “नाही गं, घरात गरम होतं.” बंद गाडीत, एप्रिलमध्ये!

परवा रविवारी हे आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार होते. नवघरहून तिला आदल्या दिवशीच आणून ठेवली होती. गाडी चालू होईना. बॅटरी मेलेली. काशीमीऱ्याच्या गॅरेजमधला माणूस आला, त्याने वायरी जोडल्या आणि म्हणाला, “साहब, बंद गाडी में कोई गाना-वाना सुनता है क्या?”

“गाना?” हे म्हणाले. “ह्या गाडीत मी साधा रेडिओ लावत नाही!”

तेवढ्यात गाडी चालू झाली, आणि तिच्याबरोबर सर्दीवालाही. अख्ख्या पार्किंगमध्ये. दिव्या पुढे झाली, डॅशबोर्डकडे बघितलं, मग माझ्याकडे. “आई, ही माझी सीडी आहे.”

आपली आई गाडीला टेकून उभी होती. ती म्हणाली, “वाजू दे की. चांगला हाय.”

गॅरेजवाला म्हणाला अर्धा तास गाडी फिरवा, बंद करू नका. डॉक्टरांची वेळ झाली होती, तेव्हा हे आईला घेऊन रिक्षाने गेले आणि जाताना दिव्याला म्हणाले, “जा, ह्या तुझ्या फ्रेंच मातोश्रींना हायवेला फिरवून आण.”

काशीमीऱ्याच्या सिग्नलला आम्ही ट्रकांच्या मध्ये अडकलो.

“खरंच ऐकतेस तू हे?”

“दुपारी वेळ जात नाही.”

“कुठलं आवडतं?”

मी चार नंबर लावला. ती हसायला लागली. “हे? आम्ही हे नेहमी पुढे ढकलतो. मावशी म्हणते ही रडकी आहे.”

“आज पूर्ण ऐक.”

तिने ऐकलं. मी विचारलं, “काय म्हणतेय ती?”

“थांब हं... जिन्याबद्दल काहीतरी आहे. कोणीतरी वर जातंय, का खाली... नाही गं. शब्द गिळते ती. मला नाही कळत.”

मला बरं वाटलं. माझ्या मुलीला काहीतरी आलं नाही आणि मला बरं वाटलं, हे तुला लिहितेय यावरून काय ते ओळख.

पण तिने लगेच फोन उचलला. “मावशीला पाठवते, ती सांगेल.”

मी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि पर्समध्ये टाकला. “तिला नको विचारूस.”

दिव्या माझ्याकडे वळली. मग हळूच म्हणाली, “आई, तू मावशीवर जळतेस?”

मागून टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मी म्हटलं, “सिग्नल सुटलाय, गाडी काढ.”

संध्याकाळी तुझे हसरे चेहरे आले. म्हणजे फोन परत मिळाल्यावर पहिली बातमी तुलाच.

तिला उत्तर दिलं नाही, तुला देते. हो, जळते. आईने तर रात्री जेवताना तोंडावरच सांगितलं, “तू पयल्यापासून अशीच हायस. हेमाला फ्रॉक घेतला का तुजा तोंड वाकरा.” पण फ्रॉकचं जाऊ दे. तू एकटी पाँडिचेरीला जाऊन उभी राहिलीस, भाषा शिकलीस, त्याचा मला अभिमानच वाटतो, चारचौघांत मीच सांगते. तुझं सगळं तुला असो. दिव्या माझी आहे. तिला ताप आला की तुला आधी कळतं. बारावीचा निकाल तुला आधी कळला. तुझ्या वरच्या खोलीला निळा रंग लागला, तो तिने निवडला, आणि ती तिथे राहायला आली तर चालेल का, हे मला रंग वाळल्यावर विचारलंत. “ताई, नाही म्हणू नकोस हं,” तू म्हणालीस. पत्रिका छापून झाल्यावर मुलीकडच्यांना स्थळ पसंत आहे का विचारावं, तसं.

तर माझं उत्तर. दिव्या पाँडिचेरीला येईल. एम.ए. तिथेच करेल. माझ्या जळण्यापायी तिचं शिक्षण अडायला नको. पण ती हॉस्टेलवर राहील, तुझ्या घरी नाही. रविवारी जेवायला बोलाव, आजारी पडली तर धावत जा, ते तू जाशीलच. मुक्काम मात्र हॉस्टेलवर. निळ्या खोलीत पाहुणे उतरव.

हे म्हणाले, “सख्खी मावशी असताना हॉस्टेल? लोक काय म्हणतील?” मी म्हटलं, “लोकांना सांगा, आई खाष्ट आहे.”

तुला राग येईल. येऊ दे.

कुरियरवाला म्हणाला, शुक्रवारी पोचेल. दिव्या शनिवारी परत येते, आल्यावर जेवू घालून मी तिला सांगणार आहे. अलिबागहूनसुद्धा ती तुला रोज फोन करत असेल. मला फोटो येतात. शुक्रवारी रात्री तिचा फोन येईल तेव्हा हे पत्र तुझ्या हातात असेल. तिला काही बोलू नकोस.

शनिवारी ती चिडेल, दार आपटेल आणि रडत तुलाच फोन करेल. तेव्हा मला हव्या तेवढ्या शिव्या दे, तिची बाजू घे, माझं काही म्हणणं नाही. फक्त ‘मला माहीत होतं’ एवढं म्हणू नकोस. एकदा, एक गोष्ट, तिला आधी माझ्याकडून कळलेली असू दे.

दिव्याची आई,
पुष्पलता