पाळणा मीच करणार

४ जानेवारी, रविवार
देविकाला साताऱ्याला माहेरी सोडून आज चेन्नईत परत. डोहाळजेवण उत्तम झालं. जेवणं आटोपल्यावर सासरे म्हणाले, माळ्यावर देविकाचाच पाळणा आहे, पॉलिश करून घेऊ. मी म्हणालो, नको, पाळणा मीच करणार. सगळे गप्प झाले. भारावले असावेत.

देविकाने हळूच विचारलं, "मंदार, तुला सुतारकाम येतं?" म्हटलं, शिकणार. बाळ मार्चअखेरीला. वेळ भरपूर आहे. शिवाय मी ओरगडमच्या ट्रक प्लँटमध्ये क्वालिटीला. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं हाच माझा पेशा. त्या माझ्या हातून होणार नाहीत. लाकूड म्हणजे तसं पाहिलं तर मऊ लोखंड.

६ जानेवारी
अण्णा नगरातच सुतारकामाचा वीकेंड क्लास निघाला. फी ऐकून फोन ठेवला. देविका म्हणाली, तेवढ्यात तयार पाळणा येईल. तिला मुद्दा कळत नाही.

निर्णय: व्हिडिओवरून शिकायचं. व्हिडिओ चांगला हवा, स्वस्त हवा, पूर्ण हवा.

९ जानेवारी
कंपनीच्या बसमध्ये जाता-येता फुकटचे व्हिडिओ पाहिले. कॅनडातले एक आजोबा फारच छान शिकवतात. त्यांचं कापायचं मशीन मात्र आमच्या किचनपेक्षा मोठं आहे. दुसऱ्या एकाचं म्हणणं, आधी स्वतःचं कामाचं टेबल बनवा. ते टेबल कशावर ठेवून बनवायचं, हे त्याने सांगितलं नाही.

तरी अर्धं कळल्यासारखं वाटतं आहे. बसच्या खिडकीची चौकट बघून मनातल्या मनात हसलो. किती फट.

१४ जानेवारी, भोगी
इथे भोगीला लोक पहाटे जुनं सामान दारात जाळतात. समोरच्यांच्या ढिगाऱ्यात सागवानी दार दिसलं. पेटवण्याआधी ओढून आणलं. लाकडाचा प्रश्न सुटला.

जिन्यात घरमालकीण अन्नपूर्णाबाई भेटल्या. तंजावरच्या मराठी घरातल्या, वय सत्तरच्या पुढे. त्यांचं मराठी जुन्या वळणाचं, त्यात अधूनमधून तमिळ. आजच्या दिवशी लोक घरातली पीडा बाहेर काढतात आणि तुम्ही ती आत आणता, अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. पाळण्यासाठी आहे म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. जुनी पिढी.

१८ जानेवारी
खजिना सापडला. तमिळ मालिका, फुकट, सगळं हातहत्यारांनी. शिकवणारा शांत माणूस. मला इथे चार वर्षं झाली, पण तमिळ येत नाही. शिकायचं आहेच.

अन्नपूर्णाबाईंना शेजारी बसवलं. त्या तमिळचं तंजावरी मराठी करून सांगायच्या, मी त्याचं साताऱ्याच्या मराठीत करून घ्यायचो. रंध्यापर्यंत ठीक चाललं. पुढे तो माणूस बराच वेळ बोलला आणि बाईंनी एवढंच सांगितलं की सांभाळून करा. आणखी काय म्हणाला, विचारलं. म्हणाल्या, तेच, पुन्हा पुन्हा.

मालिका सोडली. फारच प्राथमिक.

२७ जानेवारी
फुकटात शिस्त नसते, हे आता पटलं. सेल चालू होता, घड्याळ उलटं पळत होतं. सुतारकामाचा ऑनलाइन कोर्स घेतला. एकदा पैसे भरले की जन्मभर बघता येतो.

३० जानेवारी
कोर्समध्ये फक्त झाडांची माहिती. ओक, मेपल. माणूस जंगलात फिरतो. कापणं पुढच्या कोर्समध्ये. तोही घेतला.

८ फेब्रुवारी
दुसऱ्यात कापणं आहे, जोडणं नाही. तिसरा घेतला. स्वस्त वस्तू तीनदा घ्यावी लागते, पण तिन्ही वेळा ती स्वस्तच पडते.

देविकाचा व्हिडिओ कॉल. पाळणा दाखव म्हणाली. मी प्लेलिस्ट दाखवली. ती थोडा वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "पाय सुजतात रे माझे. वीस तारखेला सोनोग्राफी आहे. तू असलास तर बरं." म्हटलं, नेमका तेव्हाच मी सांध्यांवर असेन. ती म्हणाली, बरं.

समजूतदार आहे.

२१ फेब्रुवारी, शनिवार
गच्चीवर आज पहिली करवत चालवली. मोठा क्षण. दारात आतून खिळे निघाले. करवतीचे दात गेले. कोर्समध्ये खिळ्यांबद्दल अवाक्षर नाही. तिकडचं लाकूड थेट जंगलातून येतं, भोगीच्या ढिगाऱ्यातून येत नाही.

आवाज ऐकून अन्नपूर्णाबाई वर आल्या. पिठाची परात पालथी घालावी तसा सगळीकडे भुसा. त्यांनी विचारलं, सोनोग्राफीत काय सांगितलं? मी विचारायचं विसरलो होतो. चांगलं आहे, म्हणालो. खाली जाऊन देविकाला फोन केला. ती झोपली होती. सासूबाई म्हणाल्या, बाळ जरा लहान आहे, विश्रांती सांगितली आहे, तुम्ही केव्हा येता?

लहान असेल तर पाळणाही लहान चालेल. बेत फार बिघडलेला नाही.

१ मार्च
कोर्सच्या वेगाने होणार नाही, हे उघड आहे. उद्यापासून शुक्रवारपर्यंत रजा टाकली. पॅटर्निटी लीव्ह एप्रिलमध्ये घेतली आहे, पॉलिश वाळायला वेळ मिळावा म्हणून.

देविकाला रजेचं कळलं. "म्हणजे धुळवडीला येतोस?" तिचा आवाज एकदम हलका झाला. म्हटलं, रजा पाळण्यासाठी आहे. ती म्हणाली, "मला पाळणा नको होता, मंदार." नेटवर्क खराब होतं. नंतर करतो म्हणालो.

३ मार्च
दोन बाजू तयार. एक किंचित तिरकी. लांबून कळत नाही.
झोप नीट नाही. सारखं काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. बहुधा खालची फळी.

५ मार्च, गुरुवार
आज जोडणी. व्हिडिओतल्या माणसाने सांगितलं, ग्लू लावला की सांधे शिकंज्यांत, म्हणजे क्लॅम्पमध्ये, घट्ट आवळा, आणि शिकंजे कितीही असले तरी कमीच पडतात. माझ्याकडे एकही नव्हता. दोन्ही हातांनी, गुडघ्यांनी दाबून बसलो.

फोन वाजला. स्क्रीनवर सासूबाई. सोडलं तर सांधा निसटेल. थांबला. पुन्हा वाजला. वाजत राहिला. मी मान वळवून व्हिडिओकडे बघत बसलो.

मग अन्नपूर्णाबाई जिन्यातून धापा टाकत आल्या. फोन का उचलत नाही, तुमच्या सासऱ्यांनी आमच्या घरी लावला. मुलगी झाली.

हात काढले. बाजू पडल्या. बाईंनी पदराने माझ्या कपाळावरचा भुसा पुसला आणि म्हणाल्या, जावा.

६ मार्च
पुण्याचं पहाटेचं विमान. तिथून टॅक्सीने सातारा. वाटेत देविकाला मेसेज लिहिला, खोडला, पुन्हा लिहिला. शेवटी "निघालो" एवढाच पाठवला.

दवाखान्यात नर्सने माझे हात पाहिले. बोटांवर ग्लूचे थर, नखांत भुसा. बाळ कमी वजनाचं आहे, असे हात लावायचे नाहीत, म्हणाली. ग्लू काढायचा व्हिडिओ शोधायला फोन काढला. देविका पलंगावरून म्हणाली, "ठेव तो." आवाज चढवला नाही. सासूबाईंनी खोबरेल आणलं आणि माझी बोटं एकेक करून चोळली. त्याही काही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी बाळ हातात मिळालं. दुपारी काचेच्या पेटीत दिसली त्याहून हलकी. रडली. परत दिलं.

रात्री ती आईजवळ शांत होती. मी स्टुलावर. देविकाने विचारलं, खूप दमलास का? तिने मला विचारलं.

८ मार्च, रविवार
सोमवारी प्लँटला ऑडिट. रजा संपली. पॅटर्निटी लीव्ह अलीकडे ओढता येईल का म्हणून साहेबांना फोन केला. म्हणाले, तारीख तुम्हीच मागितली होती. एप्रिलमध्येच घ्या.

निघायच्या आधी देविका म्हणाली, "घे तिला. मानेखाली हात ठेव." ठेवला. या वेळी रडली नाही. डोळे उघडून माझ्या दिशेने बघत राहिली, बराच वेळ. मी नाव सांगितलं. माझं.

डॉक्टर राउंडला आल्या होत्या. म्हणाल्या, इतक्या लवकर त्यांना चेहरा ओळखता येत नाही.

बरंच आहे.