रुसलेला थेंब

३ जून
अब्रह्मण्यम्! कारखान्यात शिरताना मला जाळीची टोपी घालायला लावली. मला! टक्कल गळत नसतं, असा सप्रमाण युक्तिवाद केला. साचे बनवणाऱ्या इंजिनिअरबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दाढीसाठी दुसरी जाळी दिली.

पण आतलं दृश्य! आम्ही प्रयोगशाळेत एकेक चिप हाताने दाबून काढतो. इथे साचा मिटतो, उघडतो, की केसाएवढ्या नळ्यांची चिप टपकन खाली! बाळाच्या टाचेतला एक थेंब आत सोडायचा — आमच्या घराण्यात फिरणारा रक्ताचा आजार त्याला आहे की नाही, तिथल्या तिथे कळेल. ताईचा कळला तेव्हा फार उशीर झाला होता.

५ जून
कारखान्यातली एकही चिप भरत नाही. थेंब रुसलेल्या जावयासारखा दारातच बसतो. प्लास्टिक तेच, नळ्या त्याच, आणि माझ्या हातच्या चिपा गटागट पितात!

लेकीचे दिवस भरत आलेत. बायको म्हणाली, "अहो, नातवंड शाळेत जायच्या आत होईल ना तुमचं?"

६ जून
ढिम्म.

९ जून
साचेवाल्या बाई प्रयोगशाळेत आल्या. "सर, एक भरून दाखवा. मी नुसती बघते."

दाखवली. भरली.

"आणि ते हाऽऽ कशाला केलंत?"

"कोणी? मी?"

"थेंब सोडायच्या आधी. चष्मा पुसताना करतात तसं."

मी आमच्या केमिस्टकडे पाहिलं. तो ओशाळून म्हणाला, "सर, मीही करतो. तुमचं बघूनच शिकलो."

म्हणजे इतकी वर्षं आम्ही श्वासाच्या वाफेने नळ्यांची तोंडं ओली करत होतो — आणि कृतीच्या कागदात त्याचं एक अक्षर नाही! कारखान्यात सगळ्यांच्या तोंडाला मास्क. कोण हाऽऽ करणार? हसता हसता पुरेवाट झाली.

"खोक्यागणिक एक सर भरून पाठवू का?" — बाई.

२१ जून
नळ्यांना आतून पाणी ओढणारा लेप बसला. सगळ्या भरल्या! सगळ्या! बाईंनी टाळी मागितली. मी दोन दिल्या.

२८ जून
नात! गुलाबी, चिडकी, मुठी आवळलेली. बायको म्हणते, नाक थेट तुमच्या ताईचं.

२९ जून
उद्या सकाळी तिच्या टाचेतला थेंब. चिप भरेल आणि खरं तेच सांगेल, याची मला खात्री आहे. म्हणूनच भीती वाटते.