वरणातलं कॅरमल

१२ मे, सोमवार. सकाळ

आज लई खुशी. नात माझी, पंचशीला, गळ्यात पडून म्हणली, आजी, यंदा माझ्या वाढदिवसाला खीर नको, कॅरमल पाय कर. शेजारच्या शिवकांताबाईकडं खाऊन आलीय. पोरीचा वाढदिवस आम्ही बुद्धपौर्णिमेलाच करतो, दर साली खीर माझ्या हातची. यंदा दूध कुठंय? दुष्काळानं म्हशी सगळ्या चाऱ्याच्या छावणीत. आन हा पाय म्हणं डब्यातल्या घट्ट गोड दुधाचा होतो. खाली बिस्किटाचा थर, वर तपकिरी दूध. म्हणजे आपली पुरणपोळीच की, उघडी ठेवलेली. म्हणले, करते.

सून म्हणली, आत्याबाई, कधी बघितलाय का तरी? म्हणले, सिंधु, साहेबराव पोटात होता तवा त्याला तरी कुठं बघितला होता? झाला की न्हाई चांगला?

१४ मे, बुधवार

चोरून ऐकायची मला सवय न्हाई. दाराआड झाडणी घ्यायला गेले होते आन झाडणी लवकर सापडना. साहेबराव सिंधुला म्हणत होता, मायला पाऊस पडेस्तोर भोकरला केरबादादाकडं ठेवू. तिथल्या हिरीला पाणी हाय. इथं टँकर दारामागं दोनच टिपाडं भरून देतो, घरात तिघं असू दे न्हाई तर चौघं.

सिंधु काही बोलली न्हाई. म्हणजे तिला मी पाहिजे.

लातूरचा जिल्हा झाला तवा केवढे पेढे वाटले होते! कलेक्टरचं हापिस आलं, हापिसात साहेबराव आला, साहेबरावाच्या मागं मी आले. सगळं आलं, पाणी तेवढं यायचं राहिलं. केरबाबी माझाच लेक, थोरला, पण मी जाणार न्हाई. शीलाची वेणी कोण घालील? सिंधु वढून घालती, पोरगी रडती.

ठराव केला. आजपासून पाणी प्यायचं न्हाई, नुसता चहा. आन पाय असा करायचा की सिंधुनंच म्हणावं, आत्याबाईबिगर हे घर चालत न्हाई.

१५ मे

चहा जरा जास्त झाला. सिंधु म्हणली, आत्याबाई, चहा काय रॉकेलचा करतेत का? पाणीच की ते.

उद्यापासून अर्धा कप.

१७ मे, शनिवार. दुपार

शिवकांताबाईकडून सगळं इचारून आले. लई शिकलेली बाई, पुण्याची. बोलती गोड, पण पाण्याचा इचार न्हाई तिला. डबा न फोडता पातेल्यात ठेवायचा, वरून पाणी डबा बुडेस्तोर, आन तीन तास उकळायचा. आटलं की पुन्हा वतायचं. तीन तास! पलीकडच्या घरातली सुलतानबी भिंतीआडून ऐकत होती. म्हणली, क्या मावशी, पीने कू पानी नै, आन तुम डब्बे कू न्हलाते?

रातभर डोक्यात तेच. मग पहाटं सुचलं. वरणाला पाणी लागतंच. डाळ शिजायला येळ लागतोच. मग डबा वरणातच का उकळू नये? एका पाण्यात दोन कामं. अख्ख्या नव्या जिल्ह्यात हे कोणाला सुचलं न्हाई. कोणाला सांगणार न्हाई, झाल्यावरच सांगीन.

वर लिहिलं दुपार, पण पहाटंचं हे रविवारचं हाय. असू दे.

१९ मे, सोमवार

साहेबरावनं मोंढ्यातून डबा आणला. एकच होता दुकानात. बिस्किटं आणली. थर बरोबर बसतो का बघायला थोडी कुटली, लोणी घालून थापली. शीलानं चाखली, मीबी चाखली. पुडा संपला. दुसरा मागवला. सिंधु हसली. बरं लक्षण हाय.

२२ मे, गुरुवार

साहेबराव म्हणला, माय, रविवारी मला सुट्टी हाय, भोकरला जाऊन येऊ. म्हणले, उद्याची पौर्णिमा होऊ दे, मग तूच म्हणशील राहा.

तो खाली बघून बुटाची नाडी बांधत बसला. नाडी बांधलेलीच होती.

२३ मे, शुक्रवार. पौर्णिमा. सकाळ

सगळी इहारात वंदनेला गेली. मी म्हणले, माझे गुडघे दुखतेत. स्टोवर तुरीची डाळ चढवली, मधी डबा. डब्याचा कागद काढला, तेवढी अक्कल हाय. वर झाकण. बिस्किटाचा थर ताटात थापून तयार. आज माझा दिवस.

त्याच दिवशी. दुपार

टँकरचा भोंगा वाजला. घरात कोणी न्हाई. मग मीच पळाले. गुडघे कुठं गेले कळलं न्हाई. त्या गर्दीत नळी धरली, भांडले, घागरी वाहून दोन्ही टिपाडं काठोकाठ भरली. सैंपाकघरातच असतेत ती. झाकणं उघडीच ठेवली, सिंधुनं आल्या आल्या बघावं म्हणून. मग अंगणात सुलतानबीला वरणाची युक्ती सांगत बसले. तिनं तोंडाला पदर लावला. म्हणली, मावशी, दाल आटती ना?

तवाच आवाज झाला.

संध्याकाळ

वरण छतावर. वरण भिंतीवर. वरण दोन्ही टिपाडात, दूधबी. नशीब, आत कोणी नव्हतं. रंग मात्र शिवकांताबाईच्या पायासारखाच आलाय, छताकडं बघून सांगते.

सिंधु आली. टिपाडात बघितलं आन खाली बसली. वरडली असती तर बरं वाटलं असतं. टँकर आता परवा. सुलतानबीनं दोन घागरी आणून ठेवल्या. शीलानं नुसता बिस्किटाचा थर खाल्ला, म्हणली, आजी, मस्त. म्हणजे अर्धा पाय जमला.

साहेबरावनं माळ्यावरची पेटी काढली.

२४ मे, शनिवार

चूक टँकरची. येळ काळ न बघता येतो.

सिंधुला म्हणले, मी चहाबी सोडते. वरांड्यात झोपते. धुणं सुलतानबीकडं धुते. तिच्या डोळ्यात पाणी आलं. म्हणली, आत्याबाई, तिथं तुम्हाला पोटभर पाणी मिळेल हो. म्हणले, पोटभर पाणी मागितलंय कोणी?

शीलाची वेणी घातली. सोडली. पुन्हा घातली.

२६ मे, सोमवार. भोकर

मी आपल्या मनानंच आले. नांदेडला गाडी बदलली. साहेबराव मला पोचवून लगेच मागं फिरला, हापिस असतं त्याला. जाताना म्हणला, माय, पाऊस पडेस्तोरच हां. म्हणले, मला काय सांगतो, मला ठाव हाय.

मोठी सून पंचफुला गुणाची हाय. आंघोळीला भरून बादली दिली. मी अर्धीच घेतली. उगं सवय लागायची, आन लातूरला गेल्यावर पंचाईत.

दुपारी पेटी उघडली. वर लुगडी. लुगड्याखाली थंडीची शाल. शालीखाली लोकरीची कानटोपी. त्याच्याखाली माझी जाड गोधडी, घडी घालून.

पावसापर्यंतच राहायचंय तर ही कामून?

साहेबराव लहानपणापासून असाच. घाईत काहीबी भरतो.